तात्यापाऱ्याचा पारा आणि बाटलीवरचे 27 अंश

रायपूरला पोस्टिंग आली तेव्हा पहिला फोन आत्याचा. "आता तरी रविवारी जेवायला येत जा रे." आत्या तात्यापाऱ्यात राहते. छत्तीसगडात पारा म्हणजे मोहल्ला. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे 1854 पर्यंत होता, आणि जुन्या रायपुरात मराठी आडनावांच्या पाट्या अजून दिसतात. पण मे महिन्यात तात्यापाऱ्यात उतरलात तर 'पारा' या शब्दाचा आपला मराठी अर्थच आधी आठवतो.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नवतपा चालू होता. 25 मेपासूनचे ते नऊ दिवस, ज्यांत इकडची शहाणी माणसं दुपारी दाराबाहेर पडत नाहीत. गाडीतला काटा 45 दाखवत होता. दुपारचा एक वाजला होता आणि आत्याच्या घरावर दुसऱ्या मजल्याची स्लॅब टाकणं चालू होतं. आतोबा गेल्यानंतर त्यांच्या फंडाचे जे पैसे आले, त्यांतून हा मजला.

मी सॅपर माणूस. नोकरीची निम्मी वर्षं काँक्रीटच्या आसपास गेली. न राहवून आतेभावाला विचारलं, "दादा, या उन्हात स्लॅब?" दादाने ठेकेदाराकडे बघितलं. ठेकेदार हसून म्हणाला, "साब, केमिकल डलवाया है. टेन्शन मत लीजिए."

आजचा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

हे वाक्य मी लडाखमध्ये ऐकलंय, राजस्थानात ऐकलंय, कोकणात ऐकलंय. थंडी आहे? केमिकल आहे. ऊन आहे? केमिकल आहे. पाऊस आहे? त्याचंही केमिकल आहे. जणू हवामान हा शत्रू आणि बाटली हे त्यावरचं हमखास अस्त्र. माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. केमिकल हवामानाला हरवत नाही, ते स्वतःच हवामानाच्या हुकमात असतं. आणि ज्या साइटवर थर्मामीटर नाही, त्या साइटवर केमिकल वापरणं म्हणजे झीरो न केलेल्या रायफलीने नेम धरणं.

27 अंशांचं प्रमाणपत्र

बाटलीवर किंवा सोबतच्या कागदावर आकडे असतात: पाणी इतके टक्के कमी लागेल, सेटिंग इतके तास लांबेल, ताकद इतकी वाढेल. हे आकडे खोटे नसतात. फक्त ते कुठे काढले, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडे सिमेंट-काँक्रीटच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या 27 अंश सेल्सियसला होतात, फार तर दोन अंश इकडे-तिकडे. रायपुरात मे महिन्यात 27 अंश कधी असतात? भल्या पहाटे, तेही नशीब असेल तर. डिसेंबरच्या रात्री इथलाच पारा 12 च्या आसपास येतो. म्हणजे एकाच गच्चीवर वर्षभरात 30 अंशांहून जास्त फरक, आणि मिस्त्रीचं माप मात्र बारमाही एकच: "एका पोत्याला एक झाकण."

सिमेंट आणि पाण्याची क्रिया तापमानावर चालते. 10 अंश वाढले की तिचा वेग ढोबळमानाने दीड ते दोन पट होतो. केमिकल याच क्रियेत हात घालतं. काही केमिकलं सिमेंटच्या कणांना चिकटून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात, म्हणून कमी पाण्यातही माल वाहता राहतो. ही झाली सुपरप्लास्टिसायझर. काही सेटिंग लांबवतात, ती रिटार्डर. काही लवकर आणतात, ती अ‍ॅक्सिलरेटर. मूळ क्रियेचाच वेग बदलला तर तिच्यात हात घालणाऱ्याचा परिणाम तसाच कसा राहील? जे माप 27 अंशांना दोन तास माल नरम ठेवतं, ते 42 ला तासाभरातही हात टेकू शकतं. तेच माप 12 अंशांना माल दुसऱ्या दिवसापर्यंत कच्चा ठेवू शकतं.

मापाला मर्यादा आहेत आणि त्या लिहिलेल्याही आहेत. आयएस 456 या आपल्या मूळ मानकात (2000 ची आवृत्ती) रिटार्डर अर्धा टक्का, प्लास्टिसायझर एक टक्का आणि सुपरप्लास्टिसायझर दोन टक्के, सिमेंटच्या वजनाच्या, एवढीच परवानगी आहे. त्याहून जास्त टाकायचं तर आधी चाचणी करून ठरवायचं. 50 किलोच्या पोत्याला रिटार्डर जास्तीत जास्त 250 ग्रॅम. वजनकाटा नसलेल्या साइटवर 250 ग्रॅम कोण मोजतो?

बाटली पहिली: उन्हाळा

परत आत्याच्या गच्चीवर येऊ. माल रेडीमिक्सचा होता. गाडी प्लांटवरून वेळेवर निघाली आणि तात्यापारा ते शारदा चौक या रस्त्यात अडकली, ज्याच्या रुंदीकरणाची चर्चा रायपूरकर कित्येक वर्षं ऐकताहेत. रेडीमिक्सच्या मानकात दोन तासांत गाडी रिकामी करा असं म्हटलंय, रिटार्डर असेल तर थोडी सूट. गाडी आली तेव्हा माल घट्ट झाला होता. ड्रायव्हरने आधी पाण्याचा पाइप ड्रममध्ये सोडला, मग कॅनमधून अंदाजाने आणखी केमिकल ओतलं. माल पुन्हा सैल झाला आणि सगळ्यांचे चेहरे उजळले.

संध्याकाळी पाच वाजता स्लॅबवर केसासारख्या चिरा होत्या. ठेकेदार म्हणाला, वरवरच्या आहेत.

त्या चिरा का पडतात, हे समजून घ्या, कारण यात केमिकलचा दोष नाही आणि त्याचा उपायही केमिकलमध्ये नाही. ताज्या स्लॅबच्या पृष्ठभागावरून तासाला एका चौरस मीटरमागे एक किलो पाणी उडायला लागलं की चिरांचा धोका सुरू होतो, असा जगभर वापरला जाणारा दंडक आहे. हवा 42 अंश, माल 38 अंश, आर्द्रता 20 टक्के आणि वारा ताशी 15 किलोमीटर, असं नेहमीच्या सूत्रात घातलं तर उत्तर 1.7 किलो येतं. खालून पाणी तेवढ्या वेगाने वर येत नाही, वरचा थर आकसतो आणि फाटतो.

आता गंमत बघा. रिटार्डर माल जास्त वेळ कच्चा ठेवतो. म्हणजे उघड्या उन्हात पाणी गमावण्याचा वेळही तोच वाढवतो. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीसाठी रिटार्डर वरदान आहे. तोच माल एकदा स्लॅबवर पसरून उन्हात उघडा टाकला की तीच बाटली उलटते. तेव्हा हवं असतं ओलं गोणपाट, प्लास्टिकचा कागद, वाऱ्याला आडोसा. यातलं काहीही त्या दिवशी गच्चीवर नव्हतं. केमिकल मात्र होतं.

उष्ण हवेतल्या काँक्रीटसाठी आयएस 7861 चा पहिला भाग 1975 सालापासून उपलब्ध आहे. हवा 40 अंशांच्या वर गेली की खास काळजी घ्या, एरवी काम करू नका, हे त्यात सांगितलंय. पन्नासेक वर्षं झाली. नवतपा तर त्याहून कितीतरी जुना आहे.

बाटली दुसरी: पावसाळा

ऑगस्टमध्ये त्याच चिरांतून आत्याच्या देवघराच्या छतावर ओल उतरली. ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलं होतं. मग वॉटरप्रूफिंगवाला आला. पांढरं दुधासारखं लॅटेक्स, सिमेंटमध्ये कालवायचं आणि ब्रशने दोन हात मारायचे. पावसाची उघडीप बघून त्याने एका दुपारी काम उरकलं आणि संध्याकाळी सर आली.

लॅटेक्स म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिमरचे बारीक कण. पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांना चिकटून त्यांचा पापुद्रा तयार होतो आणि तो पापुद्राच ओल अडवतो. साध्या सिमेंटच्या कामाला दिवसेंदिवस पाणी मारावं लागतं. लॅटेक्सच्या कामाला सुरुवातीचा साधारण एक दिवस ओलावा आणि मग कोरडी हवा लागते. रायपूरच्या ऑगस्टमध्ये कोरडी हवा आणणार कुठून? खालची स्लॅब ओली, वरून पाऊस, मध्ये कच्चा थर. दिवाळीच्या साफसफाईत आत्याने झाडू मारला आणि तो थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा निघाला.

पावसात स्लॅब टाकणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब. एका घनमीटरात 380 किलो सिमेंट आणि 171 लिटर पाणी धरा, प्रमाण 0.45. रेती साधारण 700 किलो. भिजलेल्या रेतीत पाच टक्के पाणी असेल तर 35 लिटर पाणी कुणी न ओतताच मालात गेलं. प्रमाण झालं 0.54. ज्या केमिकलचे पैसे तुम्ही पाणी कमी करायला मोजलेत, त्याचं सगळं काम त्या ओल्या रेतीने खाल्लं. रेती गाळाची असेल तर आणखी वाईट. आजची पॉलीकार्बोक्सिलेट जातीची केमिकलं रेतीतल्या काही चिकणमाती फार वेगाने शोषून घेतात. सिमेंटच्या वाट्याला थोडंच उरतं, माल सैल होत नाही आणि मिस्त्री पुन्हा पाइपकडे धावतो.

बाटली तिसरी: हिवाळा

डिसेंबरच्या शेवटी जिन्यावरची छोटी स्लॅब राहिली होती. या वेळी मिस्त्री दुसरा, पण कोपऱ्यातला कॅन मे महिन्यातलाच. "उरलंय, वापरून टाकू." रिटार्डर असलेलं ते द्रव्य 12 अंशांच्या रात्री मालात गेलं. सिमेंट स्लॅगचं होतं. भिलाईच्या भट्ट्यांची मळी असलेलं हे सिमेंट इकडे सर्रास मिळतं आणि ते चांगलंच आहे, पण थंडीत सावकाश ताकद धरतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बोटाने दाबलं तर ठसा उमटत होता. सातव्या दिवशी मिस्त्री सेंट्रिंग काढायला आला. दादाने मला फोन केला, म्हणून ते थांबलं.

साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी काढावेत, हे प्रत्येक मिस्त्रीला पाठ आहे. त्याच कलमातली अट कुणाला पाठ नाही: हे दिवस साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आहेत आणि हवा 15 अंशांच्या खाली जात नसेल तेव्हाचे आहेत. इथे सिमेंट वेगळं, रात्र 12 ची आणि वर रिटार्डरचा डोस. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढणाऱ्या. ती स्लॅब त्या दिवशी उघडली असती तर काय झालं असतं हे मी आत्याला सांगितलेलं नाही. खाली तिची तुळस असते.

माझी स्वतःची चूक

आता दुसऱ्यांना नावं ठेवून झाली, तेव्हा माझंही सांगतो.

कॅप्टन होतो, लडाखमध्ये. ऑक्टोबर सरत आलेला, रस्ते बंद व्हायच्या आत एका स्टोअरची फरशी टाकायची होती. दुपारी हवा आठेक अंश, रात्री शून्याच्या बरीच खाली. माल तयार व्हायला तीन वाजले. आमचे सुभेदार साहेब म्हणाले, "सर, उद्या सकाळी दहाला घेऊ. दिवसभराचं ऊन मिळेल." खडकवासल्याहून निघालेल्या माझ्या जिभेवर तेव्हा 'होईल' हा एकच शब्द असायचा. मी म्हटलं, अ‍ॅक्सिलरेटर आहे ना, दुप्पट टाका.

अ‍ॅक्सिलरेटर क्रियेला वेग देतो, पण क्रिया चालायला ऊब लागते आणि ऊब बाटलीत नसते. तो काही गाडीच्या रेडिएटरमधलं अँटीफ्रीझ नव्हे. ताज्या काँक्रीटमधलं पाणी गोठलं की नऊ टक्के फुगतं. पहिल्या गोठणीआधी काँक्रीटने साडेतीन ते पाच न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर एवढी तरी ताकद धरलेली असावी लागते. आमच्या फरशीला ती मिळाली नाही. पुढच्या मे महिन्यात बुटाच्या टाचेने तिचे पापुद्रे निघत होते. जवानांनी ती फरशी फोडली, खडी बाजूला केली, पुन्हा टाकली. जी फरशी मी एका दुपारी 'करून दाखवली', ती त्यांच्या चार दिवसांच्या घामाने दुरुस्त झाली. सुभेदार साहेब एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणून ठेकेदाराच्या त्या वाक्याचा मला इतका राग येतो. ते वाक्य मी स्वतः बोललेलो आहे.

"मग काय, केमिकल वापरायचंच नाही?"

हा प्रश्न येणार, आणि तो रास्त आहे. वापरायचं, जरूर वापरायचं. चांगला सुपरप्लास्टिसायझर पाणी 20 ते 30 टक्के कमी करू शकतो. कमी पाणी म्हणजे जास्त ताकद, कमी झिरप. पंपाने दहाव्या मजल्यावर जाणारं काँक्रीट त्याच्याशिवाय होणार नाही. आपले जुने गवंडीही चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालत. तेही केमिकलच होतं. पण ते कोणत्या ऋतूत, किती आणि कशात, हे त्यांना ठाऊक होतं. तोच गोडवा सिमेंटमध्ये घालून बघा. 50 किलोच्या पोत्याला 25 ग्रॅम साखर सेटिंग काही तास मागे ढकलते, आणि 100 ग्रॅमच्या पुढे गेलात तर सेटिंग जवळपास थांबूच शकतं. औषध तेच, रोगी बदलला की विष.

आणि ज्यांना वाटतं की महागडं केमिकल आणलं की ऊन बघावं लागत नाही, त्यांनी दुबईच्या बुर्ज खलिफाकडे बघावं. 2010 साली पूर्ण झालेली ही जगातली सर्वांत उंच इमारत. तिथे केमिकलांची काय कमतरता होती? तरीही उन्हाळ्यात काँक्रीट रात्री ओतलं आणि मालात बर्फ घातला. ज्यांच्याकडे सगळ्या बाटल्या होत्या त्यांनी आधी घड्याळ आणि थर्मामीटर बघितलं. आपल्याकडे एकच बाटली आणि आपण दुपारी एक वाजता.

मग आपल्याकडे असं का होतं? अज्ञान हे अर्धंच कारण. बाकीचं अर्धं कॅलेंडर आहे. सरकारी काम 31 मार्चच्या हिशेबात अडकतं, खासगी काम मुहूर्तात आणि 'पावसाच्या आत' या घाईत. सगळ्यांची स्लॅब नेमकी एप्रिल-मेमध्ये येते, वर्षातल्या सर्वांत वाईट दोन महिन्यांत. तारीख हलवायची नसते, म्हणून हवामान हलवायचा आव आणतो आणि तो आव बाटलीत विकत मिळतो. ठेकेदार विकतो, कारण आपण मागतो. "लवकर करा" हे आपणच म्हणतो. माझ्यासारखे गणवेशातलेही म्हणतात.

माजी सैनिकांसाठी, खास

हा ब्लॉग वाचणारे बरेच जण निवृत्तीच्या पैशातून घर बांधत आहात. आयुष्यात एकदाच येणारी ती रक्कम. तुमच्यासाठी पाच गोष्टी, ज्यांना बाटलीपेक्षा कमी खर्च येतो.

एक, साइटवर थर्मामीटर ठेवा. हवेचं आणि मालाचं, दोन्ही तापमान बघा आणि लिहा.

दोन, उन्हाळ्यात स्लॅब संध्याकाळी किंवा पहाटे. गिट्टी सावलीत ठेवा आणि तिच्यावर पाणी शिंपडा. मालात सर्वांत जास्त वाटा तिचाच असतो. ती दोन अंश थंड झाली की माल साधारण एक अंश थंड होतो. पाण्यात बर्फ टाकलात तर आणखी उत्तम.

तीन, केमिकल त्याच हवेत, त्याच सिमेंट-रेतीवर आधी थोड्या मालात करून बघा. ऋतू बदलला, सिमेंट बदललं, तर पुन्हा बघा. डोस वजनाने, झाकणाने नाही. उरलेला कॅन मुदत बघून, नीट ढवळून, नाहीतर सरळ परत.

चार, लोखंड असलेल्या कामात कॅल्शियम क्लोराइडचा अ‍ॅक्सिलरेटर नको. आज लवकर सेट होईल आणि उद्या सळई गंजेल.

पाच, पाणी मारा. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, कोरड्या उन्हात दहा, आणि स्लॅग किंवा राखेच्या सिमेंटला 14. हे काम बाटलीवर सोडू नका. इकडे त्याला तराई म्हणतात, आणि ती बहुतेक ठिकाणी एखाद्या रेजाच्या भरवशावर सोडलेली असते. तिला दोन आठवड्यांची मजुरी जास्त द्या. तुमच्या घराची खरी केमिकल इंजिनिअर तीच आहे.

आणि सगळ्यात आधी, 'आज नको' म्हणायची तयारी ठेवा. पलटणीत हे म्हणायला मला पंधरा वर्षं लागली.

गेल्या रविवारी आत्याकडे गेलो होतो. देवघरातले देव अजून हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहेत. दादाने फेब्रुवारीत गच्ची नीट करायचं ठरवलंय, कोरड्या हवेत, चिरा उघडून, सावकाश. आत्या म्हणाली, "हे जेव्हा म्हणाला असतास तेव्हा म्हणायचं होतंस रे." खरं सांगतो, म्हटलं होतं. पण एकदाच म्हटलं, आणि मग सावलीत बसून ताक प्यालो. गाडी परत पाठवा म्हणून हट्ट धरायला हवा होता.

जय हिंद!